काळ्यावर चंदेरी : पुण्यात मेटलचं अनियतकालिक छापताना

मेटल, म्हणजे रॉकमधलं सगळ्यात जड, कर्कश संगीत, ऐकणाऱ्या माणसाच्या हातात एखादं मॅगझिन द्या आणि नुसतं बघत रहा. तो पहिलं पान उघडून वाचायला घेत नाही. आधी कव्हरवरचा लोगो बघतो, मग कागद अंगठ्याने चोळतो, मग मागून पुढे चाळत येतो, एखाद्या फोटोत गिटारवाल्याने कुठल्या बँडचा टी-शर्ट घातलाय ते डोळे बारीक करून बघतो, आणि सगळ्यात शेवटी, किंवा कधी कधी सगळ्यात आधी, ती बारीक टायपातली यादी वाचतो, रेकॉर्डिंग कुठे केलं, मिक्सिंग कोणी केलं, कव्हर कोणी काढलं, आभार कोणाकोणाचे. गिगच्या, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाच्या, बाहेर टेबलापाशी उभं राहून मी हे इतके वेळा पाहिलंय की आमच्या अंकाचं काम सुरू झालं तेव्हा मी पानं आखायच्या आधी हा क्रम एका कागदावर लिहून भिंतीला लावला. पुढचं बरंचसं त्या कागदावरून ठरत गेलं.

मी दिवसा पॅकेजिंगचं डिझाइन करते, म्हणजे मसाल्याची पाकिटं, फरसाणाचे डबे वगैरे. तिथे सगळा खेळ असा की लांबून, क्षणात ओळखू आलं पाहिजे, नाव मोठं, रंग सपाट, काही अडता कामा नये. आणि कॉलेजपासून मी ऐकते डेथ मेटल, ब्लॅक मेटल, डूम, ग्राइंड, म्हणजे मेटलचे टोकाचे प्रकार. तिथली कव्हरं बरोबर याच्या उलट वागतात. नाव वाचता येत नाही, चित्र अंधारात असतं, आणि तरी आम्ही ती हातात धरून तासन् तास बसतो. हे असं का, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं होता, आणि अंक काढायचं ठरलं तेव्हा त्याचं उत्तर शोधणं भागच पडलं.

आम्ही तिघं होतो, एक ड्रमर, एक लिहिणारा आणि मी. पुण्यात २०१० ला एनएच सेव्हन वीकेंडर हे संगीत फेस्टिव्हल सुरू झालं तेव्हापासून मोठ्या स्टेजवर खूप काही बघायला मिळालं, पण आमचं खरं जग छोट्या गिगचं, जिथे बँड आणि प्रेक्षक अर्धेअधिक तेच असतात, एकमेकांचे अँप उचलून नेतात, आणि रात्री उशिरा कुठेतरी चहा पोह्यांवर त्याच गाण्यांवर भांडतात. या सगळ्याबद्दल मराठीत बोलतो आम्ही, ऐकतो इंग्रजीत, आणि वाचायला मराठीत काही हाताला लागत नव्हतं. म्हणून अंक मराठीत आणि छापीलच काढायचा हे पहिल्याच बैठकीत ठरलं.

मग मी जुनं गोळा करायला लागले. कॅम्पातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत केरँग आणि मेटल हॅमर या इंग्लंडच्या मेटल मासिकांचे सुटे अंक मिळाले, आणि ड्रमरच्या मोठ्या भावाकडे रॉक स्ट्रीट जर्नल (आरएसजे) या भारतीय रॉक मासिकाचा गठ्ठाच होता. आरएसजे १९९३ ला अलाहाबादमधून सुरू झालं, अमित सैगल आणि शेना गमत यांनी काढलेलं. दिल्ली नाही, मुंबई नाही, अलाहाबाद! त्या काळात दुसऱ्या गावात आपल्यासारखा बँड आहे हे कळायचा रस्ताच असं एखादं पान होतं, त्यामुळे त्या अंकांत मजकूर कसा ठासून भरलाय ते बघण्यासारखं आहे, कोपऱ्याकोपऱ्यात काहीतरी आहे, आणि भावाने पेनाने केलेल्या खुणाही बरोबर त्या कोपऱ्यांतच आहेत.

केरँगची गोष्ट वेगळी. ते १९८१ ला लंडनच्या साउंड्स या संगीत साप्ताहिकाची पुरवणी म्हणून आलं, कव्हरवर एसी/डीसी बँडचा गिटारवाला अँगस यंग, रंगीत, चकचकीत, पोस्टर काढून भिंतीला लावता येईल असं. त्याने मेटलला दुकानात मांडलं. पण जे लोक अजून खोल उतरले ते चकचकीत कागदावरून खाली फॅनझिनकडे, म्हणजे चाहत्यांनी स्वतः काढलेल्या अंकांकडे गेले. नॉर्वेत जॉन क्रिस्टियान्सन, ज्याला सगळे मेटालियन म्हणतात, त्याने १९८५ पासून स्लेयर मॅग हे फॅनझिन काढलं. आणि त्याच्याही आधी पंक रॉकवाल्यांनी रस्ता करून ठेवलेलाच होता, मार्क पेरी नावाच्या बँकेतल्या कारकुनाने १९७६ ला लंडनमध्ये स्निफिन ग्लू काढलं, टाइपरायटरवर मजकूर, जाड मार्करने हाताने लिहिलेली शीर्षकं, आणि झेरॉक्स. बस.

आता इथे मला माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. हे जे काळंपांढरं, खरखरीत, जळल्यासारखं दिसणं आहे ना, ते आधी कोणी बसून ठरवलेलं नाही, ते मशीनमधून आलंय. चार रंगांत छापायचं म्हणजे चार प्लेटा, चार वेळचा खर्च, तो परवडत नव्हता. झेरॉक्सला मधले राखाडी रंग धरता येत नाहीत, फिकट असेल ते पांढरं होतं आणि गडद असेल ते काळं, आणि कॉपीची कॉपी काढत गेलं की ते अजून अजून टोकाला जातं. टेप ट्रेडिंगच्या काळात, म्हणजे लोक टपालाने कॅसेटची अदलाबदल करायचे तेव्हा, बँडच्या कच्च्या रेकॉर्डिंगच्या डेमो कॅसेटबरोबर पाकिटात जे फ्लायर कोंबून पाठवायचे ते असे किती हातांतून कॉपी होत जायचे. मग जे त्यात टिकतं तेच राहिलं. ब्लॅक मेटलवाल्यांचा पांढरा रंगवलेला चेहरा आणि काळे डोळे झेरॉक्समध्ये टिकतात! नॉर्वेच्या डार्कथ्रोन बँडची नव्वदीच्या सुरुवातीची कव्हरं बघा, अंधारातून एक जळका पांढरा चेहरा येतोय, बाकी काही नाही, ते कितव्याही कॉपीत तसंच भिडेल. म्हणजे ओरखडा खरा होता, त्यामागे कारण होतं. आणि माझं म्हणणं हे आहे की फॅनला नेमका तो खरेपणा लगेच कळतो.

याची मी चाचणीच घेतली. मुद्दाम दोन डमी, म्हणजे अंकाचे नमुने, बनवल्या, मजकूर तोच, फोटो तेच. एकीत नेटवर मिळतात ती तयार टेक्स्चर वापरली, फाटका कागद, गंज, शाईचे डाग, जे आजकाल कुठल्याही बर्गरच्या दुकानाच्या मेन्यूवर दिसतं ते. दुसरीत फोटो खरोखर झेरॉक्स करून, परत झेरॉक्स करून, मग स्कॅन केले. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले तर तिथला दादा मला खराब कॉपी द्यायलाच तयार होईना. हल्लीच्या डिजिटल मशीन फोटो फार सांभाळतात, म्हणून मी त्याला फोटो मोड काढून टेक्स्ट मोडवर टाकायला आणि डार्कनेस शेवटपर्यंत न्यायला सांगितलं, तर तो म्हणाला, "अहो ताई, काळं काळं येतंय सगळं, थांबा, नीट काढून देतो." त्याला नीट समजावल्यावर मात्र तो इतका रंगला की स्वतःच काच पुसायची नाही, कागद चालू असताना जरा सरकवायचा, असं करून बघायला लागला. त्याने काढलेली एक कॉपी अंकात अख्खं पान आहे.

दोन्ही डमी गिगला नेल्या आणि काही न सांगता लोकांच्या हातात दिल्या. टेक्स्चरवाली लोक भराभर चाळून खाली ठेवत होते. एकाने तर बोटच ठेवलं की हा डाग पान सातवर पण आहे आणि एकोणीसवर पण, सेम डाग. झेरॉक्सवाल्या डमीत ते थांबत होते, पान डोळ्याजवळ नेत होते. ज्याला रिफमधला, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या तुकड्यातला, एक सूर बदललेला कळतो त्याला दोन पानांवरचा एकच डाग कळणारच, त्याचं सगळं ऐकणंच बारकाव्यावर उभं आहे. तेव्हापासून नियम झाला, अंकात एकही ओरखडा असा नसेल ज्याला विचारलं तर आम्हाला सांगता येणार नाही की तो कुठून आला.

मग लोगो. यात माझा सगळ्यात जास्त जीव गुंतला आणि वेळही यातच गेला.

एक्स्ट्रीम मेटलचे लोगो बाहेरच्या माणसाला काटक्यांचा ढीग वाटतात. बेल्जियमचा क्रिस्टोफ स्पायडेल, ज्याने नॉर्वेच्या एम्परर बँडचा लोगो केला आणि ज्याला लॉर्ड ऑफ द लोगोज म्हणतात, त्याचं काम समोर ठेवून मी बरेच दिवस नुसती गिरवत बसले होते. गिरवताना कळतं की त्यात आतली अक्षरं अगदी शाबूत असतात, शिस्तीत असतात, फक्त बाहेरची कड झाडासारखी फुटत जाते, आणि डावी-उजवी बाजू आरशात बघितल्यासारखी जुळवलेली असते. फॅन तो लोगो अक्षर अक्षर लावून वाचत नाही, तो चेहरा ओळखतो. आणि पहिल्यांदा बघणारा अडतो, थोडा वेळ झगडतो, आणि मग एकदम दिसतं त्याला. त्या झगडण्यात त्याने त्या बँडला वेळ दिलेला असतो. पॅकेजिंगमध्ये हे पाप आहे, इथे हेच आमंत्रण आहे.

पण हे सगळं रोमन अक्षरांचं शास्त्र. ती अक्षरं खालच्या रेघेवर उभी असतात, वर-खाली कुठेही काटे फुटवा, अक्षर मोडत नाही. देवनागरी वरच्या रेघेला लटकते. शिरोरेषा तोडली की अक्षरं सुटी होऊन पडतात, आणि नाही तोडली तर डोक्यावर सपाट पट्टी राहते, सरकारी बोर्ड दिसतो. मी दोन्ही करून पाहिलं, दोन्ही मेलेलं दिसत होतं. मग एकदा गणेशखिंड रस्त्याने जाताना वडाच्या आडव्या फांदीखाली लोंबणाऱ्या पारंब्या दिसल्या, आणि मला ते पटलं की आपलं अक्षर असंच आहे, आडवी फांदी आणि त्याला लटकलेला भार. नॉर्वेवाल्यांच्या लोगोत त्यांच्या जंगलातल्या निष्पर्ण काटक्या आहेत, आपण त्या का आणायच्या? शिरोरेषा मी जाड, गाठी असलेली, मध्ये किंचित वाकलेली काढली आणि सगळं वाढणं खालच्या दिशेने नेलं, उकार, र चा पाय, काना, सगळे खाली उतरताना बारीक होत जातात आणि टोकाला दुभंगतात.

दुसरी अडचण तोलाची. देवनागरीत आरशासारखी जोडी जमवणं अवघड, मात्रा कुठेही येतात. पण आमच्या अंकाच्या नावाची सुरुवात पहिल्या वेलांटीने होते आणि शेवट दुसऱ्या वेलांटीने! एक डावीकडून उठून उजवीकडे वळते, दुसरी उजवीकडून उठून डावीकडे, म्हणजे दोन शिंगं आयतीच मिळाली. हे लक्षात आलं त्या रात्री मी झोपले नाही. ट्रेसिंग पेपर मधोमध दुमडून एका बाजूचं शिंग काढायचं, उलटा करून दुसऱ्या बाजूला उतरवायचं, बाहेरची कड जुळवायची आणि आतली अक्षरं जशी आहेत तशी सरळ ठेवायची, असं करत करत तो उभा राहिला. कॉम्प्युटर शेवटी आला, फक्त स्कॅन करायला. आपल्याकडे अक्षरातून विषय दाखवायची परंपरा केवढी मोठी आहे, कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षकं केली ती वर्तमानपत्रातल्या छोट्याशा जाहिरातीत पण नाटकाचा स्वभाव सांगायची. मला मेटलच्या लोगोतही तीच गोष्ट दिसते, आणि देवनागरीत हे व्हायलाच हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

छपाईला आम्ही नारायण पेठेतल्या एका जुन्या प्रेसमध्ये गेलो. तिथले काका आधी म्हणाले, गणपतीच्या आधी जमायचं नाही, मंडळांची पावतीपुस्तकं आणि अहवाल चालू आहेत, मग म्हणाले दिवाळी अंक आहेत, दिवाळीनंतर या. ते बरंच झालं, तेवढ्या काळात मजकूर पक्का झाला. दिवाळीनंतर गेलो तेव्हा मी लोगोचा प्रिंट टेबलावर ठेवला. आमच्या गिगला येणारे भलेभले त्याच्यापुढे अडले होते. काकांनी चष्मा वर केला आणि नाव वाचून दाखवलं. मी बघतच राहिले. तर म्हणाले, "अगं, वीस-पंचवीस वर्षं छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवलेत मी, तेव्हा सगळं उलटंच वाचायचो, हे तर सरळ आहे." मग त्यांनी लोगोत मला दोन जागा दाखवल्या जिथे काना आणि र चा पाय एकमेकांत घुसले होते, आणि त्या त्यांनी दाखवल्या तशा मी मोकळ्या केल्या.

साइझ त्यांनीच सुचवली, डेमी, साडेपाच बाय साडेआठ इंच, कारण १८ बाय २३ च्या एका कागदात १६ पानं बसतात, म्हणजे ३२ पानांचा अंक दोन फॉर्ममध्ये (एका कागदाचा एक फॉर्म) निघतो आणि कागद वाया जात नाही. आत ७० जीएसएम मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला साधा छपाईचा कागद, नॅचरल शेड, एकच रंग, काळा. मला अख्खी काळी पानं बरीच हवी होती. काकांनी थांबवलं. अशा कागदावर शाई सावकाश वाळते, समोरासमोर भरगच्च काळी पानं आली की एकाची शाई दुसऱ्यावर उठते, आणि नुसत्या काळ्याचा एक हात मारला तर तो काळा नाही, गडद राखाडी दिसतो. शेवटी मोजकीच काळी पानं ठेवली, ती सगळी एकाच फॉर्मच्या एका बाजूला येतील अशी लावली आणि फक्त त्या बाजूला काळ्याचा दुसरा हात मारून घेतला, मध्ये गठ्ठा नीट वाळू देऊन. ती पानं बोटाला लागतात. अंधारात हात घातल्यासारखा काळा रंग आलाय तो.

काळ्यावर पांढरा मजकूर मात्र मी आत कुठेही मोठ्या प्रमाणात दिला नाही, आणि यावर आमच्यात खूप वाद झाला. लिहिणाऱ्या मित्राचं म्हणणं होतं की मेटलचं आहे तर काळ्यावर पांढरंच पाहिजे. पण देवनागरी बारीक टायपात काळ्यावर उलटी टाकली की शाई पसरून अनुस्वार बुजतो, रफार बुजतो, क्ष चं पोट भरून जातं. डिझायनर डेव्हिड कार्सनने रे गन या अमेरिकन संगीत मासिकात १९९४ ला गायक ब्रायन फेरीची अख्खी मुलाखत झाप्फ डिंगबॅट्समध्ये, म्हणजे निव्वळ चिन्हांत लावली होती, कारण त्याला ती कंटाळवाणी वाटली. डिझायनर म्हणून मला रे गन फार आवडतं. पण ब्रायन फेरीच्या बाकी मुलाखती जगात होत्या. आम्ही ज्या मुलांशी बोललो त्यांची ही पहिली छापील मुलाखत होती, कदाचित पुढे कोणी विचारणारही नाही. ती वाचता आली नाही तर मग अंक काढला कशाला? म्हणून कव्हर अवघड आणि आतलं पान सोपं, हे मी शेवटपर्यंत सोडलं नाही. मजकूर टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये लावला, त्यात आपला ल आणि श आहे, ओळींमध्ये हवा भरपूर ठेवली कारण मात्रा वर आणि उकार खाली, दोन्हीला जागा लागते. ज्यांनी श्रीलिपी या जुन्या फॉन्ट पद्धतीत लेख पाठवले ते आधी युनिकोडमध्ये आणून एकेक जोडाक्षर तपासलं, पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही भारतीय लिप्यांना लागणारी सोय चालू केलीय ना ते प्रत्येक फाइलला बघितलं, नाहीतर वेलांट्या भलतीकडे जातात. हे काम किचकट आहे पण इथे ढिलाई केली तर वाचणाऱ्याला कळतंच, आणि रफ दिसणं वेगळं, ढिसाळ असणं वेगळं.

गिगच्या फोटोंचं थोडक्यात सांगते. स्टेजवर लाल-निळे दिवे असतात, तो फोटो सरळ ग्रे केला की चिखल होतो. प्रत्येक फोटोचा रेड, ग्रीन, ब्लू चॅनल वेगळा उघडायचा आणि ज्यात चेहरा आणि हात उभे राहतात तो एकच घ्यायचा. बरेच फोटो यातच वाचले.

रिव्ह्यूच्या पानांना मी स्टार दिले नाहीत, दहापैकी गुणही नाहीत. त्याऐवजी प्रत्येक रिव्ह्यूखाली बारीक टायपात सगळी कुंडली, लाइनअप, कुठल्या खोलीत रेकॉर्ड केलं, कॅसेट की सीडी की नुसतं डिजिटल, किती मिनिटं, कव्हर कोणाचं, आणि बँडने दिलेली आभाराची यादी जशीच्या तशी. जुन्या डेमोंच्या इनलेवरच्या, म्हणजे कॅसेटच्या डबीतल्या कागदावरच्या, आभाराच्या यादीतूनच तर लोक पुढचा बँड शोधायचे, ती यादी म्हणजे नकाशा होता. आम्ही फोटोओळीत टी-शर्टवरच्या बँडचं नाव पण दिलं. आणि पानात मोकळी जागा कमी ठेवली, पण खाली ग्रिड कडक आहे, तीन कॉलम, एकही ओळ इकडची तिकडे नाही. ही भरगच्च पानं लोक सगळ्यात जास्त वेळ वाचतात हे आता मी बघितलंय.

कव्हर काळ्या कार्डावर चंदेरीत करायचं होतं, आणि ऑफसेटवर ते आमच्या बजेटमध्ये बसेना. मग डोक्यात आलं की पुण्यात काळ्या, मरून, गडद हिरव्या कार्डावर चंदेरी-सोनेरी रोज कोण छापतं, तर लग्नपत्रिकावाले! एका स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्या दादांकडे गेलो. त्यांनी लोगो बघून काहीच विचारलं नाही, नख लावून फक्त म्हणाले, "या रेघा मरणार." चंदेरी शाईत धातूचे कण असतात, ते बारीक जाळीतून उतरत नाहीत, जाळी जरा मोकळी घ्यावी लागते, आणि मोकळ्या जाळीत केसासारख्या रेघा टिकत नाहीत. मी घरी जाऊन लोगोतल्या सगळ्या बारीक पारंब्या एकेक करून तपासल्या, एक पॉइंटपेक्षा पातळ असलेली प्रत्येक रेघ एकतर जाड केली नाहीतर काढून टाकली. बऱ्याच काढल्या. आणि लोगो आधीपेक्षा कितीतरी जड झाला, लांबून त्याचा आकार उठायला लागला. शाईने जे करायला लावलं ते माझ्या पेन्सिलीला सुचलं नव्हतं. कार्ड घेताना दादांनी अजून एक सांगितलं, आतून-बाहेरून काळं असलेलंच घ्या, वरवर काळं असलेलं घडीवर फुटतं आणि पांढरी रेघ दिसते. तसं शोधून आणलं, घडीची रेघ दाबून (क्रीझ) मग मधोमध पिन मारली.

आकडा टाकायची कल्पना प्रेसमध्ये सुचली. पावतीपुस्तकांना नंबर मारायचं मशीन तिथे होतंच, लाल शाईचं. आम्ही २०० प्रती छापल्या आणि प्रत्येकीच्या शेवटच्या पानावर ००१ पासून २०० पर्यंत नंबर मारून घेतला. वर्गणीच्या पावतीवरचा तो लाल नंबर पुण्यात कोणीही ओळखतो, आणि मेटलवाल्यांना मर्यादित प्रतींच्या कॅसेटवरचा हाताने टाकलेला नंबर माहीत असतो. दोन्ही एका जागी आले. लोकांनी नंबर बघून प्रती बदलून मागितल्या, एकाला ०६६ च पाहिजे होती, दुसऱ्याला त्याच्या जन्मसालाचे शेवटचे दोन आकडे.

या सगळ्या काळात मला धीर कोणाचा वाटला असेल तर तो आपल्याच लिटल मॅगझिनवाल्यांचा, म्हणजे स्वतःच्या खर्चाने छोटी अनियतकालिकं काढणाऱ्या मराठी लेखक-कवींचा. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी पन्नाशीच्या दशकात 'शब्द' सायक्लोस्टाइल करून काढलं होतं, साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं 'असो' आलं, मग 'फक्त', 'येरू', 'वाचा'. कोलटकर पोटापाण्यासाठी जाहिरात क्षेत्रात आर्ट डायरेक्टर होते, दिवसा जाहिराती आणि बाकी वेळात हे. मोठ्या नियतकालिकांत जागा नाही म्हटल्यावर त्यांनी जागा स्वतः छापली. त्यांचे अंक आणि नॉर्वेतलं फॅनझिन शेजारी ठेवा, कागद सारखा, घाई सारखी, आणि वाचणारा आपलाच आहे हा विश्वासही सारखा.

विक्रीला आम्ही दुकानं शोधली नाहीत, गिगलाच टेबल लावलं, टी-शर्ट आणि कॅसेटच्या शेजारी. पहिल्याच संध्याकाळी डेनिम जॅकेटवर पॅच लावलेला एक मुलगा अंक घेऊन दोन बँडच्या मधल्या वेळात बाहेरच्या दिव्याखाली उभा राहिला आणि आत तिसरा बँड सुरू झाला तरी तिथेच होता. नंतर येऊन म्हणाला, पान बाविसावरच्या आभाराच्या यादीत जे नाव आहे तो माझा कॉलेजचा सीनियर, तो अजून वाजवतो हे मला माहीतच नव्हतं. दोघांची गाठ घालून दिली. एका काकूंनी मुलासाठी घेतला, कव्हर वाचता येत नाही म्हणाल्या, मी बोटाने वेलांट्या दाखवल्या तेव्हा त्यांना दिसलं, आणि मग त्यांनीच शेजारच्याला दाखवलं. काही जणांनी अमेरिकेच्या डेसिबल मासिकासारखी अंकात फ्लेक्सी डिस्क, म्हणजे पातळ, वाकणारी रेकॉर्ड, द्या असं सुचवलं, ते आम्हाला खर्चात झेपणार नाही, पण कॅसेटचा विचार चालू आहे.

आता दुसऱ्या अंकाचं काम सुरू केलंय. मधली पानं पूर्ण जुन्या फ्लायरना दिलीत, पुणे-मुंबईतल्या गिगचे, कॉलेज फेस्टचे, खांबांवर आणि नोटीस बोर्डांवर चिकटवलेले. कोणाकडे असतील तर फोनने फोटो काढू नका, स्कॅन करा, काळंपांढरं असेल तर १२०० डीपीआयला, रंगीत असेल तर ६०० पुरे. साफ करू नका, घडी, खळीचे डाग, टाचणीची भोकं सगळं राहू दे. मागची बाजू पण घ्या, बरेचदा तिथे पेनाने सेटलिस्ट, म्हणजे वाजवायच्या गाण्यांची यादी, नाहीतर फोन नंबर लिहिलेले असतात, नंबर आम्ही छापताना झाकू. आणि साल आठवत असेल तर आत्ताच मागे पेन्सिलने लिहून ठेवा, फ्लायरवर वार असतो, वेळ असते, तिकीट किती ते असतं, साल बहुतेक कोणी लिहिलेलं नसतं.